दिवस कोणी घातले?

शाळेच्या इतिहासात लढाई संपली की धडाही संपतो. कारणं, घटना, परिणाम असे तीन मथळे. त्यातले परिणाम पाच मुद्द्यांत उरकायचे आणि पुढच्या धड्यावर जायचं. ‘अपरिमित हानी झाली’ हा मुद्दा पहिला, त्याला एक गुण. ज्यांची हानी झाली त्यांच्या घरी दुसऱ्या दिवशी भात कोणी टाकला, किती माणसांचा टाकला, आणि सवयीने एक मूठ जास्त पडली तेव्हा टाकणारीने काय केलं, हे परीक्षेला नसतं. सिनेमावाल्यांचंही तेच. खलनायक पडला, मागून सूर्य उगवला, की लोक अंधारात चपला चाचपायला लागतात.

म्हणून, समुद्री चाच्यांवरच्या एका जपानी मालिकेने महायुद्ध उरकल्यावर पुढचे वीस-पंचवीस भाग प्रेक्षकांना जवळजवळ सुतकातच बसवून ठेवलं, हे कळल्यावर मी कान टवकारले. मालिकेचं नाव ‘वन पीस’. एइचिरो ओदा या गृहस्थांनी १९९७च्या जुलैत ती चित्रकथा म्हणून एका जपानी साप्ताहिकात सुरू केली आणि अजून काही ती संपलेली नाही. १९९९पासून तिचे भाग टीव्हीवर येतात, ते हजाराच्या वर केव्हाच गेले. चित्रकथेच्या पन्नास कोटींहून जास्त प्रती छापून झाल्या आहेत. एवढा पसारा मांडून बसलेला माणूस मध्येच थांबतो आणि मेलेल्यांचं नीट आवरत बसतो, याचं मला अप्रूप वाटलं.

ही माहिती आमच्या घरात आणली माझ्या भाच्याने. ओंकार मे महिन्यात ठाण्याहून रत्नागिरीला येतो, आंबे संपवतो, आणि आंब्यांतून वेळ उरला की मागच्या पडवीत मोबाइल उभा करून हे बघत बसतो. मी एकदा त्याला ‘कार्टून’ म्हणालो. त्याने फोन थांबवला, माझ्याकडे पाहिलं आणि सावकाश म्हणाला, “ॲनिमे, मामा.” शास्त्रीय गाण्याला कोणी भजन म्हटलं की आमचे वडील असेच बघायचे.

पडवीत मोबाइल टेकवायला सगळ्यात सोयीची वस्तू म्हणजे आत्तेची मिठाची बरणी. आणि मे महिन्यात त्या बरणीशेजारी आत्ते असायचीच, कारण ते रातांब्यांचे दिवस. ऐंशी ओलांडली तरी झाडगावातल्या घराची आमसुलं ती दुसऱ्या कोणाच्या हाती देत नाही. एकेक रातांबा उचलायचा, विळीवर त्याचे दोन भाग करायचे, बिया गरासकट पातेल्यात आणि सालं सुपात. मग गराच्या रसात मीठ घालून सालं त्यात बुडवायची, उन्हात टाकायची, संध्याकाळी उचलून पुन्हा बुडवायची. पुटांमागून पुटं चढली की साल काळपट, चिवट होतं आणि मगच त्याला आमसूल म्हणायचं. या सगळ्या काळात आत्तेचे हात मनगटापर्यंत लालभडक असतात. समोर फोनवर जपानी आरमाराच्या कत्तली आणि इकडे हे हात. आमच्याकडे वीजबिल द्यायला आलेला मनुष्य एकदा दारातच थबकला होता.

सुरुवातीला आत्ते म्हणायची, “कसला हा आरडाओरडा! हळू मारा म्हणावं.” पण डोळे रातांब्यावर ठेवून कान दुसरीकडे द्यायची सवय बायकांना जन्मजात असते. हळूहळू तिला सगळं कळायला लागलं. म्हणजे जपानी नव्हे. ओंकार जे मराठीत सांगायचा ते.

गोष्ट थोडक्यात अशी. लुफी हा सतरा वर्षांचा पोरगा, चाच्यांचा कप्तान. त्याचा मानलेला थोरला भाऊ एस. त्या एसला सरकारी आरमार पकडतं आणि मरीनफर्ड नावाच्या आपल्या मुख्य ठाण्यावर जाहीर देहदंड द्यायचं ठरवतं. एस ज्याच्या ताफ्यात असतो तो म्हातारा चाचा, व्हाइटबिअर्ड, आपल्या सगळ्या माणसांना मुलं म्हणतो आणि ती त्याला बाप म्हणतात. बाप ताफा घेऊन मुलाला सोडवायला येतो. लुफीही येतो. एस सुटतो, आणि सुटल्यावर, लुफीवर आलेला वार अंगावर घेऊन मरतो. व्हाइटबिअर्डही मरतो, पण पडत नाही, उभ्या उभ्या मरतो. अंगावर तलवारीचे २६७ वार, १५२ गोळ्या, ४६ तोफगोळे. पाठीवर एकही ओरखडा नाही.

“मोजले कोणी?” आत्तेने विचारलं.

“म्हणजे?”

“एवढी धामधूम चाललेली, त्यात मोजत कोण बसलं होतं?”

ओंकारकडे याचं उत्तर नव्हतं. मला मात्र ओदांबद्दल आपुलकी वाटली. मेलेल्या माणसाच्या जखमा एकेक करून कोणीतरी मोजल्या, याचा अर्थ त्याच्यापाशी कोणीतरी थांबलं होतं. खरा प्रश्न आत्तेने त्यानंतर टाकला.

“आणि दिवस कोणी घातले त्यांचे?”

ओंकार ठाण्यात वाढलेला. त्याला प्रश्नच समजेना. मी समजावून सांगितलं: दहावा, बारावा, तेरावा. मग त्याचा चेहरा उजळला.

“शँक्सने पुरलं, आजी. दोघांना. एका बेटावर.”

“पुरलं? गोसावी होते काय?”

“पायरेट होते.”

“तेच ते. घर ना दार.”

पण शँक्सची हकिगत ऐकल्यावर तिने विळी थांबवली. हा लाल केसांचा चाचा युद्धाच्या अगदी शेवटी येतो. दोन्ही बाजूंना म्हणतो, झालं तेवढं पुरे. आणि आरमाराच्या मुख्य अधिकाऱ्याकडे मागतो काय? खजिना नाही, बंदर नाही. दोन देह मागतो. त्यांची धिंड काढू नका, मला न्यायला द्या. अधिकारीही, सगळी जबाबदारी स्वतःवर घेऊन, देतो. मग एका हिरव्या टेकडीवर दोन थडगी उभी राहतात. एकावर म्हाताऱ्याचा झगा आणि त्याचं शस्त्र, दुसऱ्यावर पोराची टोपी.

“परका असून केलंन हो त्याने,” आत्ते म्हणाली. त्या दिवसापासून ती मालिका तिच्या लेखी घरातली झाली.

पुढे एस आणि लुफीच्या लहानपणाचे भाग लागले. मेलेल्या माणसाच्या लहानपणाच्या गोष्टी सांगायच्या त्या तो गेल्यावरच, हे ओदांना कोणी शिकवलं कोण जाणे. आमच्याकडे तेराव्याच्या पंगतीला हेच चालतं. हे लहानपण ज्या राज्यात गेलं त्याचं नाव गोवा. ओंकारने ते ठासून सांगितलं. “गोवा किंग्डम, आजी!” आत्तेने शांतपणे विचारलं, “मडगावकडे की म्हापशाकडे?” तिथे एस, लुफी आणि साबो नावाचा तिसरा, अशी तीन कार्टी चोरून आणलेल्या दारूचा एकेक पेला पिऊन भाऊ होतात. आत्तेने यावर तोंड वाकडं केलं, पण साबोवर तिचा जीव जडला होता. श्रीमंताघरचं पोर, घर सोडून एकटं होडीतून निघतं आणि समोरून येणाऱ्या बड्या धेंडांच्या जहाजाच्या आड गेलं म्हणून त्याची होडी तोफेने उडवतात. इकडे दोन भाऊ रडून रडून बेजार.

“देह मिळाला?” आत्तेने विचारलं.

“नाही.”

“मग आहे तो. येईल परत.”

ओंकार जागचा उठला. “आजी, तुला स्पॉयलर कोणी दिला?”

कारण साबो खरोखरच परत येतो, शंभरावर भाग उलटल्यावर. आत्तेला हे कोणी सांगितलेलं नव्हतं. पण ती रत्नागिरीची आहे, आणि देह न मिळालेल्या माणसाच्या परत येण्याचा रत्नागिरीला चांगलाच अनुभव आहे.

त्याचं असं झालं. १४ जानेवारी १७६१ला पानिपत झालं आणि सदाशिवरावभाऊ त्या गर्दीत दिसेनासे झाले. त्यांचा देह शोधून, ओळख पटवून, त्याला अग्नी दिल्याचं काशीराज पंडिताने लिहून ठेवलंय. पण तो शुजाउद्दौल्याच्या पदरचा माणूस. त्याचं म्हणणं पुण्याच्या वाड्यात मनावर कोण घेणार? भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई स्वतः पानिपतावर होत्या, तिथून जीव वाचवून परत आल्या, आणि मरेपर्यंत त्यांनी कुंकू पुसलं नाही. त्यांच्या लेखी भाऊंचे दिवस कधी झालेच नाहीत. आपल्याकडे शास्त्रानेही अशी सोय करून ठेवली आहे: गेलेल्याचा ठाव लागला नाही तर बारा वर्षं वाट पाहायची आणि मग दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा. पण पुतळ्याला अग्नी द्यायचा तरी मन तयार व्हावं लागतं.

आणि वाट पाहणारे असले की येणारा येतोच. उत्तरेतला सुखनिधान नावाचा एक कनोजी ब्राह्मण, ‘मीच भाऊ’ म्हणून उभा राहिला. थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीत तो पकडला गेला, त्याची चौकशी झाली, तोतया ठरला आणि अखेर आमच्या रत्नागिरीच्या किल्ल्यात कैदेत येऊन पडला. हाच तो रत्नदुर्ग, जिथे आज भगवतीचं देऊळ आहे, दीपगृह आहे आणि संध्याकाळी भेळवाले असतात. १७७६मध्ये, पुण्याचा कारभार राघोबादादांच्या भानगडीत गुंतलेला असताना, इथला सुभेदार रामचंद्र नाईक परांजपे याने त्याला कोठडीतून काढला आणि खरे भाऊसाहेब म्हणून डोक्यावर घेतला. बघता बघता हजारोंची फौज जमली. कोकणातले किल्ले एकामागून एक त्याच्या स्वाधीन झाले आणि स्वारी बोरघाटाच्या तोंडाशी गेली. महादजी शिंद्यांना मध्ये पडावं लागलं. पराभव झाल्यावर तोतया कुलाब्याला आंग्र्यांच्या आश्रयाला पळाला. रघूजी आंग्र्यांनी त्याला धरून पुण्याकडे रवाना केलं आणि वर्ष संपायच्या आत त्याला देहांत शिक्षा झाली. न. चिं. केळकरांनी यावर ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिलं.

“परांजप्यांनी सोडला होय!” आत्ते म्हणाली. तिच्या सासूचं माहेर परांजप्यांकडचं, आणि सासूला जाऊन चाळीस वर्षं झाली तरी तो हिशेब पुरता मिटलेला नाही.

इतिहासकार परांजप्याच्या डावपेचांबद्दल बरंच लिहितात. मला कोडं पडतं ते त्या हजारोंचं. पंधरा वर्षं कोठडीत आणि वनवासात काढलेला एक माणूस, ज्याला पूर्वी जाहीरपणे खोटा ठरवलंय, त्याच्यामागे ही माणसं का गेली असतील? माझी समजूत अशी की भाऊंवर त्यांचा विश्वास बसला असं नव्हेच. पानिपताला गेलेला कोणी ना कोणी प्रत्येक गावात होता. त्याचाही देह आलेला नव्हता, निरोपही नव्हता. भाऊ परत येऊ शकत असतील तर आपला बाबाही येईल, एवढाच त्या गर्दीचा हिशेब असणार. पंधरा वर्षांचं राहून गेलेलं सुतक तलवारी घेऊन बोरघाटापर्यंत गेलं.

हे सगळं ऐकून ओंकार म्हणाला, “पण मामा, यात पायरेट्स कुठे आहेत?” रास्त मागणी होती. म्हणून मी त्याला आंग्र्यांकडे नेलं.

कान्होजी आंग्रे मराठ्यांचे सरखेल. आपल्या पाण्यातून जायचं तर आपलं दस्तक घ्या, नाहीतर जहाज जप्त करू, असं त्यांचं म्हणणं. आता किनाऱ्याच्या मालकाने जकात मागितली तर त्याला कारभार म्हणतात. पण मुंबईच्या इंग्रजांच्या कागदोपत्री कान्होजी शेवटपर्यंत समुद्री लुटारूच. ओंकार लगेच म्हणाला, “वन पीसमध्ये पण सरकारची परमिशन असलेले सात पायरेट्स आहेत. सरकारच्या बाजूने असले की ते चालतात.” मी त्याला सांगितलं की मुंबईत भारतीय नौदलाच्या तळाचं नाव १९५१पासून ‘आयएनएस आंग्रे’ आहे. त्याला हे फारच आवडलं. म्हणजे मरीनफर्डला व्हाइटबिअर्डचं नाव दिल्यासारखं झालं, म्हणाला.

कान्होजी १७२९मध्ये वारले. मागे मुलं बरीच, आणि भांडणं मुलांहून जास्त. त्यातला तुळाजी विजयदुर्गावर बसला. विजयदुर्ग आता सिंधुदुर्ग जिल्ह्यात मोडतो, पण १९८१पर्यंत तो रत्नागिरीचाच होता. आमच्या पिढीला अजून तो परक्या जिल्ह्यात आहे असं वाटत नाही. तुळाजी काही साधुसंत नव्हता. त्याने इंग्रजांना छळलं, डचांना छळलं आणि पेशव्यांना तर जुमानलंच नाही. शेवटी नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली. १७५५मध्ये कमोडोर जेम्सने हर्णैचा सुवर्णदुर्ग घेतला. १७५६च्या फेब्रुवारीत ॲडमिरल वॉटसन आणि रॉबर्ट क्लाइव्ह विजयदुर्गासमोर येऊन उभे राहिले. तुळाजी बोलणी करायला मराठ्यांच्या छावणीत गेला तो तिथेच अडकला. किल्ला नातलगाच्या हवाली होता. १२ तारखेला इंग्रजांचा एक गोळा ‘रिस्टोरेशन’ या जहाजावर पडला. हे जहाज मुळात कंपनीचंच, तुळाजीने काही वर्षांपूर्वी पळवून आणलेलं. त्याने पेट घेतला, शेजारच्याने घेतला, आणि संध्याकाळपर्यंत आंग्र्यांचं सबंध आरमार वाघोटनच्या खाडीच्या तोंडाशी जळून गेलं. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला.

लुटीचा ऐवज सुमारे दहा लाखांचा निघाला. यातली कोणाला किती, हे इंग्रज अंमलदारांनी मुंबईहून निघण्यापूर्वीच बैठक घेऊन ठरवलं होतं, आणि क्लाइव्हचा वाटा कप्तानाएवढा की त्याहून जास्त यावर तेव्हाच कुरबुरही झाली होती. दोस्त म्हणून आलेल्या पेशव्यांना त्यातलं काही मिळालं नाही. चाच्यांचा बंदोबस्त करायला निघालेल्या मंडळींची ही शिस्त पाहून ओंकार बराच वेळ हसत होता.

इथे पुस्तकातला धडा संपतो. पण वॉटसनच्या ‘केंट’ जहाजावरचा शल्यवैद्य एडवर्ड आइव्हज याने पुढचंही लिहून ठेवलंय, आणि हे लिहिणं त्याच्यावर कोणी सोपवलेलं नव्हतं. वॉटसन किल्ल्यात तुळाजीच्या घरच्यांना भेटायला गेला. म्हातारी आई, बायका, लहान मुलं. आई रडत म्हणाली, लोकांना राजा उरला नाही, मला मुलगा नाही, सुनांना नवरा नाही, पोरांना बाप नाही. वॉटसनने समजूत घालायची म्हणून सांगितलं, आजपासून मला वडील समजा. यावर सगळ्यात धाकटा, जेमतेम सहा वर्षांचा मुलगा, हुंदके देत पुढे आला, त्याने वॉटसनचा हात धरला आणि ‘मग तुम्हीच माझे वडील’ असं काहीसं म्हणाला. ज्या माणसाने नुकतंच त्या पोराचं सगळं जग तोफांनी उडवलं होतं, त्या माणसाला रडू आवरेना.

ओंकारने फोन पालथा घातला. व्हाइटबिअर्ड ज्यांना मुलं म्हणायचा तीसुद्धा अशीच कोणाकोणाची टाकलेली, हरलेली पोरं होती, असं तो म्हणाला.

“मग झाला का तो बाप?” आत्तेने विचारलं.

झाला नाही. वॉटसन इथून मद्रासला गेला, तिथून बंगालच्या मोहिमेवर, आणि १७५७च्या ऑगस्टमध्ये कलकत्त्यात तापाने वारला. क्लाइव्ह तोवर प्लासी जिंकून बसला होता.

“म्हणजे पोरगं दोनदा पोरकं झालं,” आत्ते म्हणाली आणि बिया असलेलं पातेलं जरा जोरातच पुढे सरकवलं.

तुळाजीने उरलेला जन्म पेशव्यांच्या कैदेत काढला आणि तो कैदेतच मेला. विजयदुर्ग इंग्रजांनी त्याच वर्षी तहात पेशव्यांना परत केला. मोबदल्यात बाणकोट आणि दहा गावं घेतली. २०२५मध्ये विजयदुर्ग आणि सुवर्णदुर्ग दोघेही युनेस्कोच्या जागतिक वारशात गेले. तटबंदीचं चांगलं चाललंय.

बाहेरच्या युद्धांची उस्तवारही आमच्या गावाने केली आहे. १८८५च्या लढाईत इंग्रजांनी मंडाले घेतलं आणि ब्रह्मदेशच्या थिबा राजाला आणून टाकलं ते रत्नागिरीला. चिऱ्याविटांचा प्रशस्त राजवाडा बांधून पूर्ण व्हायला १९१० उजाडलं. सहा वर्षांत राजा गेला. राणी सुपयालत हट्टाला पेटली, राजाचा देह आपल्या मुलखात जाईल. इंग्रज परवानगी देईनात, राणी इथे पुरू देईना; शेवटी १९१९मध्ये त्यांनी इथेच दफन उरकलं. राणी त्याच वर्षी रंगूनला परतली. २०१२मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष रत्नागिरीला येऊन समाधीपुढे उभे राहिले तेव्हा आत्तेने पेपरातला फोटो नीट पाहून ठेवला होता. “उशिरा का होईना, आले,” एवढंच म्हणाली होती. सव्वीस मैलांवरच्या भाऊबंदांना ती ही सवलत देत नाही.

ओंकारची सुट्टी संपत आली, तसं मालिकेतलं सुतकही फिटत आलं. लुफी शुद्धीवर येतो तो आधी जंगलातली झाडं मोडतो, दगड फोडतो, स्वतःचं डोकं आपटून घेतो. जिंबे नावाचा अर्धा माणूस आणि अर्धा मुशी त्याला घट्ट धरून सांगतो, गेलं ते मोजू नकोस, राहिलंय काय ते बघ. तेव्हा तो बोटं मोजायला लागतो आणि बोटांवर त्याला त्याचे दूर फेकले गेलेले साथीदार आठवतात. दुसरीकडे लुफीचा आजा गार्प, जो आरमारात असल्यामुळे एसला वाचवायला हललाच नाही, तो गावी परततो तेव्हा पोरांना वाढवणारी दादन नावाची डाकू बाई त्याला सोट्याने बडवून काढते. लोक म्हणतात, अगं, सगळ्यात जास्त दुःख त्यालाच झालंय. ती म्हणते, मुळीच नाही, लुफीला झालंय. दुःखाचा मान कोणाचा यावरून दारात भांडण, हे बघून आत्तेचं समाधान झालं. “आता खरं वाटतंय,” म्हणाली.

शेवटी लुफी त्याच रणभूमीवर परत जातो, तिथली मोठी घंटा वाजवतो, फुलं टाकतो आणि मान खाली घालून उभा राहतो.

“किती वेळा वाजवली?”

“सोळा वेळा.”

“बरोबर,” आत्ते म्हणाली. “पहिल्या वर्षाची सोळाच असतात.”

ओंकारने माझ्याकडे पाहिलं. वर्षभरातली षोडश श्राद्धं मी त्याला समजावून सांगितली. खरं तर मालिकेत त्या सोळांचा अर्थ निराळा आहे: आठ टोल सरत्या वर्षाचे, आठ नव्या वर्षाचे. पण हे आत्तेला सांगायची हिंमत दोघांचीही झाली नाही, आणि सांगितलं असतं तरी तिने ओदांचीच चूक काढली असती.

भाद्रपदात, महालयाच्या आदल्या संध्याकाळी, तिने मला ओंकारला फोन लावायला सांगितलं. गुरुजी सकाळी येणार होते. महालयाला आई-बापांपासून मित्र, गुरू, ओळखीपाळखीचे, ज्याचं कोणी नाही असे सगळे मोजून घ्यायचे असतात. आत्तेची यादी दरवर्षी लांबत जाते आणि गुरुजी दरवर्षी घड्याळ बघतात. या वर्षी वहीच्या पाठीमागच्या पानावर तुळाजीचं नाव होतं. त्याच्याखाली तिने पेन्सिलीने ‘एस’ लिहिलं होतं. थिबा नव्हता, त्याला त्याची माणसं करून गेली, म्हणाली.

मी फोन स्पीकरवर टाकला.

“अरे, त्या तुझ्या एसचं गोत्र काय?”

“आजी, तो... काय?”

“गोत्र, गोत्र. पाणी सोडताना लागतं.”

“गोत्र वगैरे नाही गं. नावात मध्ये ‘डी’ आहे. पोर्टगस डी एस. लुफीच्या नावातपण आहे. ते सगळे डी-वाले एकच असणार असं म्हणतात.”

“मग तेच गोत्र. डी म्हणजे काय?”

“ते अजून कोणालाच माहीत नाही. हजार भाग झाले तरी सांगितलं नाही.”

आत्तेने क्षणभर विचार केला, वही ओढली आणि नावापुढे पेन्सिलीने लिहिलं: काश्यप.

“माहीत नसलं की काश्यप,” ती फोनमध्ये म्हणाली. “त्या जपान्याला कळवून टाक.”